अभ्यासिकेचा डेटा २५ तारखेलाच संपतो: छोट्या लिनक्स फायरवॉलवर कोण किती वापरतंय ते कसं मोजायचं?

कृष्णाकाठ | २६ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कराडला आमची ४५ खुर्च्यांची अभ्यासिका आहे. वडिलांनी सुरू केली, गेली चार वर्षं मी बघतो. बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, आसपासच्या गावांतून एसटीने येणारी. फायबरची १०० एमबीपीएसची लाइन आहे. कागदावर अमर्याद, प्रत्यक्षात महिन्याला ३३०० जीबी, त्यानंतर वेग २ एमबीपीएस.

गेले तीन महिने हा कोटा २४-२५ तारखेलाच संपतोय. पुढचे पाच-सहा दिवस अभ्यासिकेत लेक्चर तर सोडाच, पीडीएफसुद्धा उघडत नाही. मुलं तोंडावर काही बोलत नाहीत, पण मोबाइलचा स्वतःचा डेटा जाळून अभ्यास करतात, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. त्यांच्याकडून मी इंटरनेटसकट फी घेतो.

लाइन आणि वायफायच्या मध्ये एक छोटा राउटर आहे. भाच्याने त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) टाकून फायरवॉल करून दिलाय. १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. भाचा आता नोकरीला बेंगळुरूला. एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून) आत शिरता येतं, सांगितलेली कमांड चालवता येते, एवढं माझं ज्ञान.

प्रश्न: नक्की कोण किती डेटा घेतंय हे या डबीवरच कळेल का? दोन-तीन मुलं सिनेमे उतरवत असावीत असा माझा संशय आहे. तसं असेल तर व्हिडिओच्या साइट बंद करून टाकाव्यात म्हणतो.

पाटलांचा धाकटा | २६ मे, रात्री १०:१५

आधी मोजा, मग बंद करा. व्हिडिओ बंद केलेत तर लेक्चरही बंद होतील, आणि खरा चोर दुसराच असला तर तो तसाच राहील.

यात तीन वेगळे प्रश्न आहेत. ते एकात एक मिसळले की गोंधळ होतो.

एकूण किती गेलं, हा पहिला. त्याला व्हीएनस्टॅट. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक इंटरफेसवर (नेटवर्कच्या प्रत्येक तोंडावर) आलेल्या-गेलेल्या बाइट्सची मोजणी तसंही ठेवतच असतो. व्हीएनस्टॅट ते आकडे अधूनमधून वाचून तासाचा, दिवसाचा, महिन्याचा हिशोब लिहितो. पॅकेट उघडून बघत नाही, त्यामुळे प्रोसेसरवर भार जवळजवळ शून्य.

आत्ता या क्षणी कोण ओढतंय, हा दुसरा. त्याला आयएफटॉप. कोणता पत्ता कोणत्या पत्त्याशी बोलतोय ते ओळीने दिसतं. उजवीकडे तीन आकडे असतात, गेल्या २, १० आणि ४० सेकंदांची सरासरी. तुम्ही ४० चा बघा, २ चा फार नाचतो.

महिन्याभरात कोणत्या उपकरणाने किती घेतलं, हा तिसरा, आणि तुम्हाला हवाय तो हाच. ओपनडब्ल्यूआरटीवर त्याला एनएलबीडब्ल्यूमॉन. वेबच्या पानावरच तक्ता येतो, उपकरणाप्रमाणे अपलोड-डाउनलोड वेगळं.

तिन्ही टाका. तिन्ही मिळूनही तुमच्या डबीला जड होणार नाहीत.

तिसऱ्या बाकावरचा | २६ मे, रात्री १०:३२

एनटॉपएनजी टाका ना सरळ! काय सुंदर आलेख येतात.

पाटलांचा धाकटा | २६ मे, रात्री १०:३८

१२८ एमबी रॅममध्ये? आलेख येतील, पण मुलांचं इंटरनेट जाईल. :) तो जुन्या पीसीवर आयपीफायरसारखी फायरवॉल प्रणाली असेल तर ठीक. आणि पीसी २४ तास ६० वॅट खात बसला तर महिन्याला ४३ युनिट होतात, ही डबी चार-पाच युनिटांत भागवते.

पूर्वपरीक्षा | २६ मे, रात्री ११:०५

मी स्वतः पुण्यात अशाच एका अभ्यासिकेत बसतो, म्हणून लिहितोय. सर, "मुलं सिनेमे बघत असतील" इथून सुरुवात नका करू. एक तासाचं लेक्चर ७२०पीला बघितलं तर साधारण १ जीबी जातो. दिवसाला दोन-तीन लेक्चर हा आमचा अभ्यासच आहे. ४५ मुलांचा गुणाकार करून बघा.

दुसरं म्हणजे, कोण कोणती साइट बघतं हे नोंदवू नका. आमच्या इथे एकदा भिंतीवर नावानिशी यादी लावली होती. त्या यादीतला एक मुलगा नंतर परत आलाच नाही. सगळ्यात जास्त डेटा त्याचा होता, कारण तो पाच जणांसाठी लेक्चर उतरवून पेन ड्राइव्हने वाटायचा. म्हणजे खरं तर तो डेटा वाचवत होता.

कृष्णाकाठ | २७ मे, सकाळी ७:२०

@पूर्वपरीक्षा, बरं झालं लिहिलंत. यादी लावणार नाही, शब्द देतो. पण मोजल्याशिवाय मला मार्ग नाही.

व्हीएनस्टॅट आणि आयएफटॉप टाकले. आयएफटॉपमध्ये मात्र सगळी वाहतूक एकाच पत्त्याच्या नावावर दिसतेय. तो पत्ता राउटरचाच आहे. माझं काय चुकतंय?

पाटलांचा धाकटा | २७ मे, सकाळी ८:०२

तुम्ही बाहेरच्या बाजूला उभं राहून बघताय. बाहेर जाताना सगळ्यांचे पत्ते पुसून राउटर स्वतःचा लावतो, त्यालाच नॅट म्हणतात. वाड्याच्या दिंडी दरवाजाबाहेर उभं राहिलं तर पत्र कोणत्या खोलीतून आलं ते कळत नाही, तसं. आतल्या बाजूला, म्हणजे बीआर-लॅन या इंटरफेसवर आयएफटॉप लावा. प्रत्येकाचा आतला पत्ता दिसेल.

व्हीएनस्टॅट मात्र बाहेरच्या बाजूलाच राहू द्या. कंपनी तिथलंच मोजते.

जुना खिळा | २७ मे, दुपारी १२:१०

कर्नलच्या मोजणीचा विषय निघालाय तर जुन्या माणसाचं थोडं ऐका. /प्रॉक/नेट/डेव्ह ही फाइल नुसती वाचून बघा. कुठलंही पॅकेज न टाकता प्रत्येक इंटरफेसचे एकूण बाइट्स तिथे असतात. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा, वजाबाकी करा, दहाने भागा, वेग मिळाला. बाकीची बहुतेक साधनं हेच सजवून दाखवतात.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नेटवर्क बघायचो तेव्हा एमआरटीजी होतं. टोबिआस ओटिकर यांनी १९९५ मध्ये केलेलं. दर पाच मिनिटांनी राउटरला एसएनएमपीने (उपकरणांना आकडे विचारायची पद्धत) विचारायचं आणि आलेख काढायचा. लाइन १ जीबीपीएसची झाली आणि आलेख वेडेवाकडे यायला लागले. भर दुपारी, सगळ्या लॅब चालू असताना, वापर जवळजवळ शून्य! दोन दिवस केबल तपासत बसलो. कारण निघालं वेगळंच. मोजणीचा आकडा ३२ बिटांचा होता, म्हणजे ४२९ कोटी बाइट्स झाले की परत शून्यावर. भरलेल्या १०० एमबीपीएस लाइनवर हे पावणेसहा मिनिटांत होतं, १ जीबीपीएसवर ३४ सेकंदांत. पाच मिनिटांनी एकदा विचारणाऱ्याला मधले फेरे कळणारच नाहीत. ६४ बिटांची मोजणी वापरायला लागलो तेव्हा आलेख शहाणे झाले.

आज लिनक्सवर ही अडचण क्वचित येते. पण आलेख अशक्य काही दाखवत असेल तर आधी मोजणाऱ्यावर संशय घ्या, मग वापरणाऱ्यावर.

मीनल_तारकर्ली | २७ मे, दुपारी ३:४५

आमचा होमस्टे आहे. फायबर अजून आमच्या वाडीत आलेलं नाही, ४जी राउटरवर सगळं, आणि त्यात रोजची मर्यादा. पाहुणे चार, पण रात्री जेवणं झाली की तासाभरात दिवसाचा डेटा खलास. मलाही वाटायचं, बसले असतील मॅच बघत.

मुलाने रास्पबेरी पाय हा छोटा संगणक मध्ये बसवून दिला, त्यावर मोजलं. डाउनलोड नव्हतंच, अपलोड होतं. दिवसभर किल्ल्यावर आणि बोटीत काढलेले फोटो-व्हिडिओ, फोनला वायफाय दिसलं की आपोआप बॅकअपला जायचे. पाहुण्यांना त्याचा पत्ताही नसायचा. आता खोलीत एक चिठ्ठी ठेवलीय, "फोटोंचा बॅकअप घरी गेल्यावर करा हां, इथे नेट थोडं आहे." लोक हसतात आणि ऐकतात.

तर अपलोडचा रकाना आधी बघा, भाऊ.

तिसऱ्या बाकावरचा | २७ मे, दुपारी ४:१०

एक प्राथमिक शंका. १०० एमबीपीएस लाइन असून फाइल १२ एमबी प्रति सेकंदानेच का उतरते? फसवतात का?

जुना खिळा | २७ मे, दुपारी ४:३०

नाही. लाइनचा वेग बिटांत, फाइलचं माप बाइटांत. आठाने भागा, १२.५ येतात.

धागाकर्त्यांनी एक आकडा पाठ करावा: १ एमबीपीएस अखंड चोवीस तास चालला तर १०.८ जीबी. हा हातात असला की अर्धं कोडं कागदावर सुटतं. ३३०० जीबी म्हणजे महिनाभर सरासरी १० एमबीपीएस. एखादं यंत्र न थांबता बारीक धारेने वाहत असेल तर ते सिनेमा बघणाऱ्याला सहज मागे टाकतं.

अजून एक. व्हीएनस्टॅट सेटिंग बदललं नसेल तर जीआयबीच्या मापात दाखवतो, त्यात १ जीआयबी म्हणजे १०२४ चा तिसरा घात इतके बाइट्स. कंपनीचे ३३०० जीबी तिथे ३०७३ भरतील. ७ टक्क्यांचा हा फरक माहीत नसल्यामुळे लोक कंपनीशी भांडतात.

दर्याकिनारा | २७ मे, रात्री ८:५०

एनएलबीडब्ल्यूमॉन टाकताना या गोष्टी बघाच, मी तिन्हींत ठेचकाळलोय.

फ्लो ऑफलोडिंग चालू असेल तर बंद करा. त्यात पॅकेट नेहमीची वाट सोडून आडवाटेने जातात आणि मोजणी कमी भरते. १०० एमबीपीएसला त्याची गरजही नाही.

हिशोब मुळात रॅममध्ये राहतो. वीज गेली की गेला. आमच्याकडे दर मंगळवारी वीज जाते, त्यामुळे माझा महिना कायम मंगळवारी सुरू व्हायचा! पेन ड्राइव्ह लावून डेटाबेसची जागा तिकडे द्या. फ्लॅशवर सतत लिहायला लावू नका, झिजते.

आणि आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी आयपीव्ही४. स्वतः नियम लिहून मोजणार असाल तर आयपीटेबल्स या लिनक्सच्या जुन्या फायरवॉल साधनात दोन्हींचे नियम वेगळे असतात. मी फक्त चारचे लिहिले होते. निम्मी वाहतूक हिशोबातच नव्हती आणि मी खूश, की घरचे किती कमी वापरतात. नवीन एनएफटेबल्सच्या आयनेट कुटुंबात दोन्ही एकत्र मोजता येतात.

फोनच्या बाबतीत, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) सहसा देत नाहीत. एका नेटवर्कसाठी सहसा तोच खोटा पत्ता टिकतो, पण मुलाने नेटवर्क विसरून परत जोडलं तर तोच फोन नवीन पाहुणा दिसू शकतो. ४५ मुलांचे ७० फोन दिसले तर घाबरू नका.

कृष्णाकाठ | २८ मे, रात्री १०:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. पेन ड्राइव्ह लावला, ऑफलोडिंग चालू होतं ते बंद केलं.

एका दिवसाचा तक्ता समोर आहे. लाइन सध्या २ एमबीपीएसवरच, म्हणून आकडे छोटे. मुलांची उपकरणं सगळी एका रांगेत, डाउनलोड जास्त, अपलोड नावाला. कुणी सिनेमे उतरवतंय असं अजिबात दिसत नाही. ज्या मुलावर माझा संशय होता तो यादीत एकतिसावा आहे.

सगळ्यात वर मात्र एक विचित्र यंत्र. डाउनलोड जवळजवळ नाही, अपलोड सगळ्यांपेक्षा जास्त. एकटाच २ एमबीपीएसचं जाणारं तोंड भरून टाकतोय. मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी शोधली, तर सीसीटीव्हीवाली निघाली. म्हणजे आमचा डीव्हीआर! पण त्याचं रेकॉर्डिंग आतल्या हार्ड डिस्कवर होतं. तो बाहेर काय पाठवतोय?

दूरदेशी | २९ मे, रात्री १:२०

पीडीएफही का उघडत नाही त्याचं उत्तर तुमच्या याच ओळीत आहे. तुम्ही काही उतरवता तेव्हा "मिळालं, पुढचं पाठव" अशा छोट्या पोचपावत्या उलट दिशेने जात असतात. जाणारं तोंड डीव्हीआरने भरलेलं, त्यामुळे पोचपावत्या रांगेत अडकतात आणि समोरचा सर्व्हर हात आखडतो. वाट डाउनलोडची, पण कोंडी अपलोडमध्ये.

यावर केक नावाची रांगपद्धत लावा. लिनक्स ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ती कर्नलमध्येच आहे. ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएम या पॅकेजमधून मिळते. लाइनच्या वेगाच्या ९०-९५ टक्के आकडा द्या आणि प्रत्येक उपकरणाला समान वाटा मिळेल असा पर्याय निवडा. नॅटचा पर्यायही चालू करा, नाहीतर केकलाही सगळे एकाच पत्त्याचे दिसतील. मग कुणाला अडवायची, कुणावर नजर ठेवायची गरजच उरत नाही. ज्याला कमी हवंय त्याला लगेच मिळतं, जो ओढतोय तो त्याच्या वाट्यात राहतो.

पूर्वपरीक्षा | २९ मे, सकाळी ९:०५

हे असं हवं! नावं न बघता न्याय. आमच्या अभ्यासिकेच्या काकांना हा प्रतिसाद दाखवतो.

पाटलांचा धाकटा | २९ मे, सकाळी ९:३०

केक लावाच, पण त्याने कोटा वाचणार नाही. वाटणी नीट होईल, पातेलं तेवढ्याच दिवसांत रिकामं होईल. १ तारखेला पूर्ण वेग आला की दोन-तीन दिवस काही बदलू नका आणि व्हीएनस्टॅटचा तासाप्रमाणे तक्ता इथे टाका. मला अपलोडचे तास बघायचेत.

कृष्णाकाठ | ३ जून, रात्री ९:१५

घ्या तक्ता, कालचा, फक्त अपलोड. आमची वेळ सकाळी ६ ते रात्री ११.

मध्यरात्री १ ते पहाटे ५: काहीच नाही म्हणा.
पहाटे ५ ते ६: ३.३५ जीआयबी. यावेळी अभ्यासिकेला कुलूप असतं!
६ ते दुपारी १: दर तासाला ३.४ ते ३.८.
दुपारी १ ते ३: ०.२ च्या आसपास.
३ ते रात्री १०: पुन्हा ३.४ ते ३.९.
१० नंतर: ०.२.

डाउनलोड दिवसाला ८० जीबीच्या आसपास. डीव्हीआरच्या नावावर एकट्याच्या ५४ जीबी.

जुना खिळा | ३ जून, रात्री ९:४८

पहाटेचा आकडा शुद्ध आहे, त्यात मुलं नाहीत. ३.३५ जीआयबी म्हणजे ३.६ जीबी. तासाला ३.६ जीबी म्हणजे बरोबर ८ एमबीपीएस. कॅमेऱ्याचं मुख्य चित्र सहसा २ एमबीपीएसच्या आसपास ठेवलेलं असतं. तुमच्याकडे चार कॅमेरे आहेत का?

कृष्णाकाठ | ३ जून, रात्री ९:५२

चारच आहेत!! तुम्हाला कसं कळलं म्हणणार होतो, पण तुम्ही गणित लिहिलंच आहे.

पाटलांचा धाकटा | ३ जून, रात्री १०:०५

आणि क्लाउडवर रेकॉर्डिंग जात असतं तर रात्रीही गेलं असतं. हे पहाटे ५ ला सुरू होतं, दुपारी १ ते ३ थांबतं, रात्री १० ला बंद होतं. यंत्र असं वागत नाही. कुणीतरी माणूस चारही कॅमेरे लाइव्ह बघतोय. पहाटे उठणारा, दुपारी जेवून आडवा होणारा, रात्री लवकर झोपणारा. डीव्हीआरचं अॅप कुणाकुणाकडे आहे?

मीनल_तारकर्ली | ३ जून, रात्री १०:११

घरात मोठं माणूस कोण आहे, भाऊ?

कृष्णाकाठ | ३ जून, रात्री ११:३०

तात्या. माझे वडील.

आत्ताच त्यांच्या खोलीत जाऊन आलो. बत्तीस वर्षं शाळेत, शेवटची नऊ मुख्याध्यापक. अभ्यासिका त्यांनीच काढली. फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून जिना चढता येत नाही. माझ्या बहिणीने त्यांना एक टॅबलेट आणून दिला आणि अॅप लावून दिलं. पहाटे पाचला उठून ते तो समोर ठेवतात, चारही कॅमेरे लावतात. मी विचारलं, एवढं काय बघता? म्हणाले, "कोण किती वाजता आलं ते बघतो. तो उंब्रजचा मुलगा पहिल्या गाडीने येतो रे. चार दिवस आला नाही, त्याची चौकशी कर."

मी मार्चपासून मुलांवर संशय घेत होतो. मुलांची मनोमन माफी मागतो. आणि तात्यांना अॅप बंद करा म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पूर्वपरीक्षा | ३ जून, रात्री ११:४१

बंद नका करू सर. प्लीज. आमच्याकडे कुणी बघणारं असतं तर बरं झालं असतं.

दर्याकिनारा | ४ जून, सकाळी ७:१५

बंद करायची गरजच नाही. जवळजवळ प्रत्येक डीव्हीआर एका कॅमेऱ्याची दोन चित्रं देतो, मोठं आणि छोटं. छोट्याला सब-स्ट्रीम म्हणतात. ते ५१२ केबीपीएसच्या आसपास ठेवा आणि टॅबलेटवरच्या अॅपमध्ये तेच निवडा. चार मिळून २ एमबीपीएस, पंधरा तासांचे १३.५ जीबी. ५४ चे १३.५ झाले. डिस्कवरचं रेकॉर्डिंग मोठ्या चित्राचंच राहील.

दूरदेशी | ४ जून, दुपारी २:३०

तात्या आणि अभ्यासिका एकाच इमारतीत असतील तर आणखी सोपं. टॅबलेट अभ्यासिकेच्याच वायफायवर आणा आणि अॅपमध्ये डीव्हीआरचा आतला पत्ता द्या. बाहेर काहीच जाणार नाही.

कृष्णाकाठ | ४ जून, रात्री ८:००

घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, त्यामुळे ते जमणार नाही. सब-स्ट्रीम आजच केलं. केकही लावला. उंब्रजच्या मुलाला फोन केला, टायफॉइड झालाय. तात्यांना सांगितलं.

कृष्णाकाठ | ८ जून, रात्री ९:१०

एक अडचण. छोट्या चित्रात तात्यांना चेहरे ओळखू येत नाहीत. काही बोलले नाहीत, पण दोन दिवस टॅबलेट लावलाच नाही. दाराचा एक कॅमेरा मोठ्या चित्रावर ठेवला आणि बाकीचे तीन छोट्यावर, तर हिशोबात बसेल का?

जुना खिळा | ८ जून, रात्री ९:२५

२ अधिक दीड, साडेतीन एमबीपीएस. पंधरा तासांचे साधारण २३.६ जीबी. मुलांचे ८० धरून दिवसाला १०३-१०४. तीस दिवसांचे ३१०० च्या थोडं वर. बसतंय. द्या त्यांना दार.

कृष्णाकाठ | ३० जून, रात्री ११:२०

व्हीएनस्टॅटचा जूनचा आकडा: २९४८ जीआयबी. मर्यादा ३०७३. लाइन आजही १०० वर आहे आणि शेवटचा मुलगा लेक्चर संपवून आत्ता खाली उतरला.

उंब्रजचा मुलगा सोमवारपासून येतोय. सकाळी ६:१० ला दारात थांबून तो कॅमेऱ्याकडे बघून हात करतो. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी तरी नाही.

मीनल_तारकर्ली | ३० जून, रात्री ११:३४

तात्यांना आमचा नमस्कार सांगा.